तूर्त थांबावे

...आणि वर ही मलाच म्हणते, खोकू नका! आता तुम्हीच सांगा, माणसाने स्वतःच्या घरात खोकायचंही नाही का? दूधवाला आला की मी दाराच्या मागे, शेजारीण आली की कपाटाच्या आडोशाला, मीटर बघणारा आला तर सरळ न्हाणीघरात, आणि तिथे नळ सुटला तर चालतो बरं का, नळ आपोआप सुटलेला हिला उलट आवडतो, पण खोकायचं नाही. भुतं खोकत नाहीत, असं हिचं म्हणणं.

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पहिल्यापासून सांगतो. पण आधी एक... दिसतोय ना मी तुम्हाला? तिकडे मागे बसलेत त्यांना? नाही, सहज विचारलं. हल्ली खात्री करून घेतलेली बरी.

तर तुम्हाला सांगतो, मी चौतीस वर्षं एका कचेरीत कारकून होतो. टेबलावर येणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या समासात शेरा लिहायचा, साहेबांना सुचवायचं, हे मंजूर करा, ते नामंजूर करा. आता मंजूर लिहावं तर उद्या चौकशी, आणि नामंजूर लिहावं तर आजच भांडण! मी पहिल्याच महिन्यात शोध लावला. समासात लिहायचं, 'तूर्त थांबावे', आणि कागद खालच्या खणात टाकायचा. तीन महिन्यांनी खण उघडून बघा, अर्जदाराची बदली झालेली असते, नाहीतर नियम बदललेला असतो, नाहीतर अर्जदारच... असो. शंभरातले ऐंशी कागद आपणहून निकालात निघतात. साहेब आले, साहेब गेले, प्रत्येकाने माझी पाठ थोपटली. कचेरीत मला नावच पडलं, तूर्तराव. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि ते बंद! सेल घालायचे राहिले म्हणाले. मी म्हटलं, तूर्त राहू द्या.

चूक एवढीच झाली, की तो खालचा खण मी घरी आणला.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एका गल्लीच्या टोकाला घर बघायला गेलो होतो. बैठं घर. दोन खोल्या, रस्त्याकडे खिडकी असलेलं स्वयंपाकघर, पुढे चार पावलांचं अंगण, अंगणात एक नळ आणि रस्त्यापलीकडे दिव्याचा खांब. तो खांब लक्षात ठेवा. मी घराच्या भेगा बघत होतो, ही घर बघत होती. हिने ओट्यावर विती टाकल्या. चौदा भरल्या. पिशवीतून पेन्सिल काढून भिंतीवर खूण केली, इथे फळी. दाराच्या मागे दिव्याचं बटण होतं, ते दोनदा लावून दोनदा बंद केलं. आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी काय म्हटलं असेन? बरोबर.

कारणं होती हो, मी काही वेडा नाही! सरकार डळमळत होतं. मग ते स्थिर झालं, तर म्हटलं, आता हे काय करतात ते बघू. एका बँकेला टाळं लागलं. कुठेतरी लढाई पेटली, नकाशात शोधावी लागली, पण सिमेंट महागणार म्हणाले. मग साथ आली. साथ गेली, तर साथीनंतर काय होतं ते बघणं आलंच. मुलगा दूर नोकरीला, त्याचा दर रविवारी फोन, "बाबा, आता मुळीच घेऊ नका, हा फुगा आहे, फुटणार." नऊ वर्षं तो फुगा फुगतोय. हिचा भाऊ यायचा, मांडी घालायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, उद्या नका म्हणू, आज घ्या, जमीन काही नव्याने तयार होत नाही." हा स्वतः सासऱ्यांच्या घरात राहतो, ही गोष्ट वेगळी. मला दोघांचंही पटायचं. दोन उलट मतं एकाच वेळी पटणं, हे तर कारकुनाचं भांडवल आहे!

आणि राहत कुठे होतो? भाड्याच्या जागेत, तिसऱ्या मजल्यावर. सत्तावन्न पायऱ्या. हिचे गुडघे आधी कुरकुरायला लागले, मग बोलायला लागले, मग त्यांनी संपच पुकारला. डॉक्टर म्हणाले, जिना बंद करा. मी म्हटलं, जिना कसा बंद करणार, तो सगळ्यांचा आहे. त्यांना हसू आलं नाही. हिलाही नाही. तेव्हापासून आठ महिने ही खाली उतरली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि खालून जाणारी माणसं डोक्यांवरून ओळखायची. "तो बघा, टक्कल केवढं वाढलं त्याचं." "त्या बाईंनी भांग बदलला." मला गंमत वाटायची. एक दिवस चहा देताना म्हणाली, "अहो, मी माणसांचे चेहरे विसरायला लागलेय." मी म्हटलं, परिस्थिती जरा निवळू दे.

आता खरं सांगतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. निवृत्त झालो, संध्याकाळी फिरायला निघायचो आणि पाय त्या गल्लीकडे वळायचे. मी वळवत नव्हतो, ते वळायचे. त्या खांबाला टेकायचं आणि समोरच्या घराकडे नुसतं बघायचं. काय बिघडतं? करडा कोट, गळ्याशी गळपट्टा, हातात छत्री. म्हातारा माणूस उभा आहे, उभा राहू दे! आत दिवा लागायचा. कोणीतरी ओट्याशी वाकलेलं दिसायचं. क्षणभर वाटायचं, हीच आहे. मग ती बाई वळायची आणि दुसरीच निघायची, आणि मला तिचाच राग यायचा, की तुम्ही इथे काय करताय?

अकरा वर्षं गेलो मी, रोज. आणि हळूहळू काय झालं, मला ते घर त्यांना आपणच राहायला दिल्यासारखं वाटायला लागलं. ही माणसं फाटक उघडं टाकायची, मी लावून घ्यायचो. अंगणातला नळ ठिबकायचा, मी आवळायचो. कुंडी उन्हात करपत असली की सावलीत सरकवायचो. आभाळ भरून आलं आणि कपडे दोरीवरच असले, तर काढून, घड्या घालून पायरीवर ठेवायचो. घड्या मला छान येतात, कागदांनी हात बसलाय. आणि कोणाला त्रास नको म्हणून हे सगळं पाय न वाजवता. एकदा आतला पडदा हलला, मी हात जोडून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी तिथे जाड पडदा! म्हटलं, काय माणसं आहेत, नमस्काराला नमस्कार नाही.

पहिली माणसं घर विकून गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरी आली. मला मनापासून वाईट वाटायचं. म्हटलं, एवढं चांगलं घर, मग माणसं टिकत का नाहीत?

हसू नका. तुम्हाला आधी कळलं, मला उशिरा कळलं, एवढाच फरक.

गेल्या वर्षी हिने वर्तमानपत्रात जाहिरात बघितली आणि मला न विचारता फोन लावला. दुसऱ्या दिवशी एजंट तीन जिने चढून आला, पाच मिनिटं नुसता श्वास घेत बसला, दोन पेले पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकू, गल्लीच्या टोकाचं बैठं घर आहे. निम्म्याने उतरलंय. अशी संधी पुन्हा येणार नाही." कुठली गल्ली ते त्याने सांगितलं. हिने माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र ताठ बसलो. कारकुनाला स्वस्त वस्तूचा संशय आधी येतो. म्हटलं, उतरलं का?

त्याने खुर्ची पुढे ओढली. "काका, तुमच्यापासून लपवत नाही. तिथे एक म्हातारा आहे."

"भाडेकरू?"

"नाही हो. गेलेला."

आणि मग त्या माणसाने, बिस्किट खात खात, मला माझी हकीकत सांगितली. की त्याच्याच धंद्यातल्या एका जुन्या एजंटाने वीसेक वर्षांपूर्वी एकाला ते घर दाखवलं होतं, त्याला फार आवडलं होतं, पण घेऊ घेऊ म्हणत राहिला आणि तसाच गेला. आता रोज तिन्हीसांजेला समोरच्या खांबाशी येऊन उभा राहतो. करडा कोट, गळपट्टा, छत्री.

तुम्हाला सांगतो, माझा गळपट्टा त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर होता. ही उठली, गुडघा धरत दोन पावलं आली, गळपट्टा उचलला आणि आत जाऊन उशीखाली ठेवून आली.

मी विचारलं, "त्रास देतो का?"

"त्रास देत नाही, तेच तर भयंकर आहे," एजंट म्हणाला. "कपड्यांच्या घड्या घालतो."

मग म्हणाला, पाय उलटे आहेत म्हणे. मी चटकन पाय खुर्चीखाली घेतले. सुलटे होते, मी बघितले. पण मला बघावेसे वाटले, हे ध्यानात घ्या!

तो गेला आणि मी त्या एका वाक्यापाशी अडकलो. 'घेऊ घेऊ म्हणत राहिला आणि तसाच गेला.' चौतीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे तपासलेला माणूस मी, चुकीचा एक शब्द नजरेतून सुटायचा नाही. या वाक्यात मला खोडण्यासारखं काही सापडेना. 'गेला' हा शब्द आज ना उद्या बरोबर होणारच होता. बाकी सगळं आजच बरोबर होतं.

बऱ्याच वेळाने हिने विचारलं, "किती वर्षं जाताय?"

"अकरा."

"मला एकदाही सांगितलं नाहीत." मग, "ओटा कसा आहे?"

म्हटलं, वरची फरशी बदलली.

"आणि फळी?"

म्हटलं, आहे. तुझ्या खुणेवरच असावी, खिडकीतून नीट दिसत नाही.

हिने बोटं पसरून मांडीवर एक वीत टाकली. आणि अशा वेळी, तुम्हाला सांगायला लाज वाटते, अशा वेळी माझ्या तोंडून काय निघालं असेल? म्हटलं, बघ, आपोआप निम्म्याने उतरलंय. मी आणखी दोन-तीन महिने नेमाने गेलो, तर अजून उतरेल. तूर्त थांबू.

तेव्हा ती म्हणाली, "मी उद्या खाली उतरणार आहे. उतरले की पुन्हा वर चढायची नाही. तुम्हाला काय लिहायचं ते समासात लिहा."

दुसऱ्या दिवशी सत्तावन्न पायऱ्या उतरायला आम्हाला एक तास लागला. एका बाजूने एजंट, एका बाजूने कठडा, आणि मी स्टूल घेऊन एक वळण पुढे. ही बसायची, उठायची, ओठ मिटलेले, डोळे पायरीवर. खाली पोचल्यावर तिने फुटपाथवर दोन्ही पाय टेकवले आणि समोरून येणाऱ्या एका परक्या बाईच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की ती बाईच विचारायला लागली, काही हवंय का आजी?

या सगळ्यात दिवस कलला. गल्लीत पोचलो तेव्हा नेमकी माझी वेळ. आणि गळपट्टा? उशीखालून मीच काढून घेतला होता. तिन्हीसांजेला त्या गल्लीत जायचं आणि गळ्यात गळपट्टा नाही, हे मला जमेना. ही आणि एजंट पुढे गेले. मी मागून आत शिरलो, फाटक लावून घेतलं, जाता जाता नळ आवळला... सवय हो! तेवढ्यात दार उघडलं.

मालकीणबाई दारात उभ्या. हात कडीवर तसाच. हिच्या खांद्यावरून त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा असा उतरत गेला, जसा संध्याकाळी भिंतीवरचा उजेड उतरतो. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मागे कोण आहे?"

मी छत्री काखेत घेतली. पुढे होऊन सांगणारच होतो, की बाई, घाबरू नका, मी निवृत्त कारकून, या माझ्या मंडळी, तुमच्या टॉवेलांच्या घड्या मीच घालतो. किती सोपं होतं! सांगितलं असतं, सगळे हसलो असतो, आणि भाव तिथल्या तिथे उडी मारून जुन्या जागी जाऊन बसला असता. मी तोंड उघडलं.

ही सावकाश वळली. माझ्याकडे बघितलं. एकेचाळीस वर्षांचा संसार, हिच्या सगळ्या नजरा मला पाठ आहेत, पण ही नजर नवी होती. ती माझ्या छातीतून आरपार गेली आणि रस्त्यापलीकडच्या खांबावर जाऊन थांबली.

"मागे?" ही म्हणाली. "मागे कोणी नाही. मी एकटीच आलेय."

एजंटाने माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, मग कुठेतरी वर बघितलं, तिथे त्याला त्याची दलाली दिसत असावी. म्हणाला, "मलाही कोणी दिसत नाही."

आतल्या बोळात काळोख होता. मालकीणबाई म्हणाल्या, थांबा, दिवा लावते, आणि त्या हात पुढे करेपर्यंत हिने, न बघता, दाराच्या मागे हात घालून बटण दाबलं. बाईंनी भिंतीचा आधार घेतला. स्वयंपाकघरातून हिचा आवाज ऐकू आला, "अजून चौदाच." घर तिथेच ठरलं.

मी अंगणात उभा. कोणीतरी या, बसा म्हणेल म्हणून बराच वेळ उभा. कोणी म्हणालं नाही. सांगतो काय, माणूस आहे की नाही हे त्याचं त्याला ठरवता येत नाही हो. दोन जणांनी शांतपणे नाही म्हटलं की मनात शंका येते. मी हळूच माझं मनगट धरलं. नाडी लागायला वेळ लागला.

खरेदीखत हिच्या एकटीच्या नावावर झालं. नोंदणीच्या कचेरीत मी भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो, तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. तिथल्या कारकुनाने मान वर करून विचारलं, "आणखी कोणी?" ही म्हणाली, "नाही." त्याने उरलेल्या रकान्यावर आडवी रेघ ओढली. एका दमात! मी असतो तर थोडा थांबलो असतो.

आता राहतोय आम्ही तिथे. म्हणजे ही राहते. सकाळी दार उघडते, एक उंबरा ओलांडला की पायाखाली रस्ता, पायरीवर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे चेहरे बघते. पोटभर बघते. गुडघेसुद्धा निवळलेत. शेजारणी विचारतात, एकट्या राहता, भीती नाही वाटत? ही म्हणते, सवय झालीय, तो काही करत नाही, कपडे वाळले की घड्या घालून ठेवतो. बायका आ वासून ऐकतात. आणि मी दाराच्या मागे उभा राहून ऐकतो, आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा माझ्याही येतो. त्या घड्याळात सेल घातले हिने. टिकटिक चालते. रिकाम्या घरात कशी ऐकू येते, तशी.

मी दोनदा म्हटलं, सांगून टाकू आता, घर झालं ना आपलं. ही म्हणते, मालकीणबाईंच्या कानावर गेलं तर भांडायला येतील. तेही पटलं. मला सगळं पटतं.

संध्याकाळी मी खिडकीशी उभा राहतो, आतून. बाहेर खांब. खांबाशी कोणी नसतं, आणि कोणी नाही हे मला रोज पुन्हा बघावं लागतं. पण परवा होता! पन्नाशीचा एक माणूस. शेजारच्या घरावर 'विकणे आहे' अशी पाटी लागलीय, ती वाचत होता. एक पाऊल पुढे टाकायचा, मागे घ्यायचा, बोटांवर काहीतरी मोजायचा, खांबाला टेकायचा. ती टेकण्याची पद्धत माझीच होती. मी खिडकी उघडली, हात बाहेर काढला आणि म्हटलं, "अहो, घेऊन टाका. थांबू नका." जन्मात पहिल्यांदा मी कोणाला घ्या म्हणालो! त्याने वर बघितलं. करडा कोट बघितला, गळपट्टा बघितला. आणि असा पळाला, की एक चप्पल अजून खांबाशी आहे.

मी हिच्याकडे गेलो. म्हटलं, पुरे झालं. माझ्यामुळे आता शेजारचं घरही जायचं नाही. उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर पायरीवर बसणार, बघू देत लोकांना काय बघायचं ते. मलाही चेहरे बघायचेत. मलाही कोणीतरी बघायला हवंय.

ही ओट्याशी डाळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मुलगा परत यायचं म्हणतोय. शेजारचं त्याच्यासाठी बघतेय मी. पाटी लागल्यापासून दोनदा उतरलंय, आजच्या चपलेने आणखी उतरेल." आणि मग, चौतीस वर्षांत मी जेवढ्या मायेने कधी कुठल्या अर्जावर लिहिलं नसेल, तेवढ्या मायेने म्हणाली, "तूर्त थांबा."

थांबलोय. आज ही डोळे मिटून पडली तेवढ्यात मागच्या दाराने तुमच्याकडे आलो, इथे नाट्यगृहात अंधार असतो म्हणून. तेव्हा खरं सांगा, दिसतोय ना मी? ...बरं, दिसत असलो तरी बाहेर जाऊन कोणाला सांगू नका. भाव चढेल.